चुन्याची रेघ चार फूट सरकली

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या वावरात तूर-सोयाबीन ठेवायला गोडाऊन बांधायचं होतं. धुऱ्यापासून, म्हणजे शेताच्या बांधापासून, टेप धरला, चुन्याच्या रेघा मारल्या, मिस्त्रीनं दोन खड्डेही घेतले. तेवढ्यात शेजारचे काका आले. "बापू, तुहा पाया माह्या वावरात येऊन रायला."

मला राग आला, पण काम थांबवलं. सातबाऱ्यावर क्षेत्र असतं, हद्द कुठून जाते ते नसतं. आणि धुरा तर दरवर्षी नांगराच्या तासानं सरकतो. भूमी अभिलेख कार्यालयात फी भरून मोजणीचा अर्ज केला. लगतच्या सगळ्यांना नोटिसा गेल्या. मोजणीच्या दिवशी भूकरमापक रोव्हर, म्हणजे उपग्रहाच्या मदतीनं जागा टिपणारं यंत्र, घेऊन आले. हद्दीची खूण पडली ती माझ्या रेघेच्या चार फूट आत! काका काहीच बोलले नाहीत, फक्त पान पुढे केलं. तिथंच दगड रोवले. पुढे 'क' प्रत, म्हणजे मोजणीच्या नकाशाची प्रत, हाती आली, मगच नवी आखणी केली.

पण या नकाशात उतार कळत नाही. तो मी लेव्हलच्या नळीनं पाहिला, पारदर्शक पाइपात पाणी भरून. एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत दीड फूट उतार निघाला. आमची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. म्हणून पाया खाली मुरूम लागेपर्यंत नेला आणि जोत्याची उंची वरच्या कोपऱ्यावरून धरली.

दोन खड्डे वाया गेले. एकात आता लिंबू लावलंय.