रोगी किडनीच्या पेशी भराभर वाढतायत? आधी थांबा

किडनीचं प्रायमरी कल्चर (प्राण्यातून थेट काढलेल्या पेशी डिशमध्ये वाढवणं) नव्याने करणाऱ्यांसाठी लिहितोय. कोलॅजिनेज, चाळणी, प्लेटिंग हे येत असेलच, ते सोडतो.

मी उंदरांच्या नॉर्मल आणि पॉलिसिस्टिक (पाण्याच्या गाठी झालेल्या, रोगी) किडनीतून ट्यूब्यूलच्या (मूत्र बनवणाऱ्या बारीक नळ्यांच्या) पेशी वाढवायचो. रोगी डिश पटकन भरायची, नॉर्मल रखडायची. मी खूष, मीटिंगमध्ये ग्राफ पण दाखवला. तिसऱ्या पॅसेजला (पेशी तिसऱ्यांदा नव्या डिशमध्ये हलवल्यावर) नीट बघितलं तर रोगी डिशमध्ये निम्म्याहून जास्त लांबट, टोकदार, एका दिशेला वाहल्यासारख्या पेशी. फायब्रोब्लास्ट, म्हणजे जोडऊती बनवणाऱ्या पेशी! रोगी किडनीत फायब्रोसिस (व्रणासारखे तंतू साठणं), म्हणजे ते मुळातच जास्त, वर मी 10 टक्के सीरम (रक्तातला पेशी वाढवणारा द्रव) पाजत होतो, ते तर त्यांना फारच मानवतं. मी आजार समजून तण मोजत बसलो होतो.

एका सीनियरने सांगितलं, व्हिमेंटिन या प्रथिनाचा स्टेन लाव, उजळलं की फायब्रोब्लास्ट. अर्धवट सल्ला! कल्चरमध्ये ट्यूब्यूलच्या पेशीही व्हिमेंटिन बनवायला लागतात, त्यामुळे सोबत सायटोकेराटिन (एपिथेलियल, म्हणजे नळीच्या अस्तराच्या पेशींचं प्रथिन) लावाच. दोन्ही दिसलं तर एपिथेलियल, नुसतं व्हिमेंटिन असेल तर संशय घ्या. (कॉन्फिडन्सने बोलणाऱ्या सीनियरला "कशावरून?" विचारायला लाजू नका, मी लाजलो.)

उपाय आहेत, घाबरू नका. सीरम काढून इन्सुलिन, ट्रान्सफेरिन, हायड्रोकॉर्टिसोनवालं मीडियम वापरा. किंवा पेशींना लागणाऱ्या एल-व्हॅलिन या अमिनो अ‍ॅसिडऐवजी त्याचं आरशातलं रूप, डी-व्हॅलिन: ट्यूब्यूलच्या पेशींकडे डी-अमिनो अ‍ॅसिड ऑक्सिडेज हे एन्झाइम असतं, त्या ते वापरण्याजोगं करून घेतात, फायब्रोब्लास्ट उपाशी राहतात. पण साध्या सीरममधून एल-व्हॅलिन आलं की सगळं मुसळ केरात, डायलाइज्ड (छोटे रेणू काढून टाकलेलं) सीरमच घ्या. ट्रिप्सिनला (डिशला चिकटलेल्या पेशी सोडवणारं एन्झाइम) फायब्रोब्लास्ट आधी सुटतात, ते धुऊन टाकायचे. आणि नॉर्मल-रोगी एकाच वयाच्या प्राण्याचं, एकाच दिवशी, त्याच पॅसेजला, त्याच डेन्सिटीला. यात शॉर्टकट मारलात तर तुलना करूच नका.

हात बसवायला एमडीसीके ही सेल लाइन (डिशमध्ये कायम वाढत राहणाऱ्या पेशी) चांगली, मॅडिन आणि डार्बींनी 1958 मध्ये कुत्र्याच्या किडनीतून काढलेली. पेशी खाली पाणी सोडतात आणि थर घुमटासारखा फुगतो, ते एकदा बघून ठेवा, प्रायमरीत दिसलं की पेशी अजून काम करतायत समजा. पण न थकता वाढणाऱ्या लाइनला "नॉर्मल कंट्रोल" म्हणणं मला पटत नाही. मायकोप्लाझ्मा (कल्चरमध्ये गुपचूप शिरणारा जीवाणू) टेस्ट नियमित करा, पेनिसिलिनवर विसंबू नका, ते सेल वॉलवर काम करतं आणि मायकोप्लाझ्माला सेल वॉलच नसते.

सीरम काढून सगळं परत केलं. पहिले दोन महिने नॉर्मल डिश नीट चिकटतच नव्हत्या, रडकुंडीला आलो होतो, तुमचंही होईल, चालतं. शेवटी फरक मिळाला, पण मीटिंगमधल्या ग्राफच्या जवळपासही नाही.