पिल्लाचं अंथरूण ऊबदार ठेवताना या चुका टाळा

खान्देशची थंडी फसवी असते. जानेवारीत जळगावला दुपारी स्वेटर काढून खांद्यावर टाकावा लागतो आणि पहाटे पारा ८-९ अंशांवर उतरतो, धुळ्याकडे कधी कधी त्याच्याही खाली. तोरणमाळ, डाब, मोलगी या सातपुड्याच्या पट्ट्यात तर गवतावरचं दव गोठतं. नेमक्या याच दिवसांत गल्लोगल्ली कुत्र्या व्यालेल्या असतात, कारण आपल्याकडच्या गावठी कुत्र्यांची बरीचशी पिल्लं पावसाळा सरल्यापासून हिवाळाभर जन्मतात.

‘कुत्रं शे, त्याले काय थंडी वाजस?’ असं घरातली मोठी माणसं म्हणतात. अंगावर दाट केस असलेल्या, धडधाकट, मोठ्या कुत्र्याबद्दल ते बऱ्याच अंशी खरंही आहे. पिल्लाचं तसं नसतं. मोठ्या कुत्र्याच्या शरीराचं तापमान ३८.५ अंशांच्या आसपास असतं, तर जन्मानंतर पहिल्या आठवड्यात पिल्लाचं जेमतेम ३५-३६ अंश. त्या वयात त्याला कुडकुडताही येत नाही, म्हणजे अंग थरथरवून ऊब तयार करण्याची सोयच नसते. डोळे उघडायला १० ते १४ दिवस लागतात. पोटावर सरपटत आईच्या कुशीपर्यंत पोचणं एवढाच त्याचा उपाय. आणि जे पिल्लू थंडीपासून पटकन लांब जाऊ शकत नाही, ते चटका देणाऱ्या उष्णतेपासूनही पटकन लांब जाऊ शकत नाही. लोक हे दुसरं विसरतात. थंडीवरच्या उपायांनीच पिल्लं भाजल्याची उदाहरणं म्हणूनच ऐकू येतात.

सगळंच खोकं तापवणं

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच. दिवा असो, बाटली असो की शेकायची इलेक्ट्रिक पिशवी, ती ऊब पिल्लं ठेवलेल्या खोक्याच्या एकाच बाजूला हवी. निम्मं अंथरूण उबदार आणि निम्मं साधं ठेवा. पिल्लू दोन दिवसांचं असलं तरी फार गरम झालं की थोडं सरकतं, पण सरकायला गार जागा तर पाहिजे! आई तर मोठी, केसाळ. सगळं खोकं तापलं की ती उठून बाहेर जाते आणि पिल्लांना मिळणारी सर्वांत खात्रीची ऊबच जाते.

पहिल्या आठवड्यात पिल्लं झोपतात त्या कोपऱ्यात २९ ते ३२ अंश तापमान लागतं. मग दर आठवड्याला थोडं थोडं कमी करत चौथ्या आठवड्यापर्यंत २४-२५ अंशांवर आणलं तरी चालतं. भिंतीवर लावायचा साधा तापमापक मिळाला तर तो खोक्यात, पिल्लांच्या उंचीला ठेवा. खोलीच्या भिंतीवरचा आकडा इथे कामाचा नाही.

तापमापक नसेल तर पिल्लांकडे बघा. एकमेकांच्या अंगावर चढून ढीग झालाय आणि कुईकुई थांबत नाही, तर त्यांना थंडी वाजतेय. एकेक पिल्लू वेगळ्या कोपऱ्यात पसरलंय, तोंड उघडं आहे, अंग लालसर दिसतंय, तर गरम होतंय. एकमेकांना टेकून निवांत झोपलीत, मधूनच पाय झटकतात, तोंड हलवतात, तर सगळं ठीक आहे. ते झटके पाहून काही जण घाबरतात, पण तान्ह्या पिल्लांची झोप असतेच तशी.

एलईडी लावून निश्चिंत होणं

खोक्यावर नऊ वॅटचा एलईडी लटकवायचा आणि ‘दिवा लावलाय ना’ म्हणून झोपायला जायचं, हे हल्ली फार चालतं. एलईडी उजेड देतो, ऊब जवळपास देतच नाही. उबेसाठी तारेचा जुना पिवळा बल्बच लागतो, कारण त्यात खर्च होणाऱ्या विजेचा मोठा भाग उष्णतेतच जातो. इलेक्ट्रिकच्या जुन्या दुकानांत तो अजून मिळतो. खर्च म्हणाल तर ६० वॅटचा बल्ब रात्रीचे १२ तास लावला तर पाऊण युनिटच्या आत भागतं, महिन्याला सुमारे २२ युनिट. ४० वॅटवर भागलं तर १४-१५. तुमच्या बिलावरच्या दराने गुणून बघा, महागड्या हीटिंग पॅडपेक्षा हे स्वस्तच पडेल.

बल्ब अंथरुणापासून किमान दोन फूट वर, खोक्याच्या एका टोकाला. तो वायरवर लोंबकळू देऊ नका, साखळीने किंवा जाड तारेने बांधा. होल्डर चिनी मातीचा घ्या, प्लास्टिकचा रोजच्या तापाने ठिसूळ होऊन तुटतो आणि बल्ब थेट चिंध्यांवर पडतो. लावल्यावर तळहात पिल्लांच्या उंचीला पाच मिनिटं धरा. तुम्हाला चटका वाटला तर त्यांना तो नक्की बसणार. उजेड डोळ्यावर येतो म्हणून बल्बभोवती कापड किंवा कागद गुंडाळणं म्हणजे आगीला आमंत्रण. वायर आईच्या आणि मोठ्या पिल्लांच्या दातांपासून लांब, भिंतीवरून न्या.

नवापूरकडे कोंबडीपालन मोठं आहे, त्यामुळे ब्रूडरचे मोठे दिवे आपल्या भागात ओळखीचे. ‘कोंबडीच्या पिलांना चालतात, मग यांना का नाही?’ असा प्रश्न येतो. कोंबडीचं पिलू पहिल्याच दिवसापासून पायावर चालतं, गरम झालं की दिव्याखालून पळतं. कुत्र्याच्या तान्ह्या पिल्लाला ते जमत नाही. शिवाय अडीचशे वॅटचा दिवा पत्र्याच्या शेडसाठी असतो, पुठ्ठ्याच्या खोक्यासाठी नाही.

आणि वीज जाते, हे धरूनच चाला. शेतातल्या घरात तर रात्री कधी असेल आणि कधी नसेल याचा नेम नाही. फक्त बल्बच्या भरवशावर राहिलेली पिल्लं पहाटे तीन वाजता, ऐन गारठ्यात उघडी पडतात. खोकं आणि अंथरूणच असं करा की वीज नसतानाही चार तास निभावतील. त्याकडे येतोच.

उकळत्या पाण्याची बाटली

बाटलीचा उपाय स्वस्त आणि चांगला, फक्त घाईने केला जातो. कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत उकळतं पाणी ओतलं तर ती आक्रसते, वाकडी होते आणि झाकणातून गळते. मग अंथरूण ओलं, आणि ओलं अंथरूण हे अंथरूण नसण्यापेक्षा वाईट. रबरी पिशवी किंवा घट्ट झाकणाची स्टीलची बाटली घ्या. पाणी मनगटावर मिनिटभर सोसवेल इतकंच गरम. वरून जुना टॉवेल दोन वेढे गुंडाळा. याने पिल्लू भाजत नाही आणि ऊबही जास्त वेळ टिकते.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही: गार झालेली बाटली काढून घ्यायची असते. पाणी पिल्लाच्या अंगाहून गार झालं की तीच बाटली त्याची ऊब ओढून घेऊ लागते. झोपताना भरली तर मध्यरात्री एकदा बदला. उठणं जमणार नसेल तर बाटली ठेवूच नका, त्याऐवजी गवताचा थर वाढवा. दात आलेल्या, म्हणजे महिनाभराच्या पुढच्या पिल्लांजवळ रबरी पिशवी नको.

दादर (रब्बीची ज्वारी) किंवा गहू तव्यावर परतून जुन्या मोज्यात भरायचा उपायही चालतो, पण धान्य मधे जास्त तापलेलं असतं. मोजा बांधून चांगला हलवा, दहा मिनिटं बाहेर ठेवा आणि मगच कापडात गुंडाळून द्या.

वरून पांघरूण, खाली गार फरशी

पिल्लाच्या अंगातली ऊब सर्वांत जास्त खालून जाते. शहाबादी फरशीवर एक चादर टाकून वरून तीन पांघरुणं घालणं व्यर्थ आहे. शिवाय तान्हं पिल्लू जड पांघरुणाखाली गुदमरू शकतं. पांघरूण नकोच, खालचा थर जाड करा.

खोकं जमिनीपासून चार बोटं उचला, दोन विटांवर फळी ठेवली तरी पुरे. रावेर-सावद्याकडे केळीची पुठ्ठ्याची खोकी सहज मिळतात. मजबूत असतात, पण हवा खेळायला त्यांना भोकं असतात आणि तळालाही बऱ्याचदा मोकळी जागा असते. तळाला पुठ्ठ्याचे दोन-तीन थर घाला, खालच्या बाजूची भोकं चिकटपट्टीने बुजवा, वरची राहू द्या. सगळंच बंद केलं तर पिल्लांच्या श्वासाची आणि मुताची वाफ आतच साचते. थर्माकोल वापरायचा तर खोक्याच्या खाली, आत नाही. पिल्लं तो कुरतडून गिळतात.

आत काय घालायचं? घरात, रोज बदलणं जमत असेल तर धुतलेल्या सुती साड्या, टॉवेल. गोठ्यात किंवा अंगणात गव्हाचं वाळलेलं काड उत्तम, कारण कापड ओल धरून ठेवतं आणि काड ओल खाली जाऊ देतं. बारीक भुसा मात्र नको, तो नाकाडोळ्यांत जातो. गोठ्यातलंच जुनं काड उचलून आणलं तर गोचिड्याही सोबत येतात, म्हणून आधी एक दिवस कडक उन्हात पसरा.

कपाशीचा हंगाम असतो, घरात कापूस पडलेला असतो, म्हणून तोच अंथरायचा मोह होतो. सुटा कापूस आणि सुटे धागे पिल्लांच्या पायाला गुंडाळतात, पोटात गेले तर आतड्यात अडकतात. उसवलेली गोधडी त्याच कारणाने बाद. आणि रासायनिक खताची किंवा कीटकनाशकाची खोकी ठेवलेली गोणी कितीही झटकली तरी वापरू नका. धान्याचं स्वच्छ तागाचं बारदान असेल तर हरकत नाही.

शेगडी, शेकोटी आणि भरताची राख

बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका, पिल्लांसाठीही नाही आणि स्वतःसाठीही नाही. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. खोक्याशेजारी रात्रभर मच्छर अगरबत्ती लावणंही टाळा.

हिवाळ्यात आपल्याकडे शेतोशेती भरीत पार्ट्या होतात. बामणोदची वांगी, कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ, कळण्याची भाकरी. माणसं जेवून घरी जातात आणि राख तशीच राहते. वरून थंड, आत पहाटेपर्यंत निखारे. गावातली कुत्री आणि त्यांच्यामागून महिना-दीड महिन्याची पिल्लं त्या उबेला येऊन झोपतात आणि पंजे, पोट भाजून घेतात. चुलीच्या बाबतीतही तेच. जाताना दोन बादल्या पाणी ओता आणि काठीने राख हलवून पुन्हा ओता. दोन मिनिटांचं काम आहे.

गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजण्याची घाई

सकाळी एखादं पिल्लू बाजूला पडलेलं सापडतं. अंग गार, तोंडात बोट घातलं तर तेही गार, ओरडतही नाही. घरात पहिली हाक उठते, ‘दूध आणा!’ हे करू नका. अंग इतकं गार असताना आतडी काम करत नाहीत. दूध पोटात कुजतं किंवा श्वासनलिकेत जातं. बरी होऊ शकणारी पिल्लं यातच जातात.

आधी ऊब, तीही सावकाश. पिल्लू कोरडं पुसा, शर्टाच्या आत अंगाला लावून धरा, वरून शाल घ्या. तास-दोन तास लागू शकतात. दिव्याखाली नेऊन किंवा गरम पाण्यात बुडवून झटपट तापवणं धोक्याचं आहे. हालचाल सुरू झाली, तोंड आतून कोमट लागलं की साखरपाण्याचं बोट हिरड्यांना लावा आणि ते ओढायला लागलं की आईच्या सडाला लावा. आई नसेल तर पिल्लांसाठीची दूध पावडर औषधाच्या दुकानात किंवा पशुवैद्यकांकडे विचारा. नुसत्या गाईच्या दुधाने हगवण लागते. पाजताना पिल्लू पोटावर ठेवा, उताणं नाही. तासाभरात काहीच फरक दिसला नाही तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. १९६२ या टोल फ्री क्रमांकावरही विचारता येतं.

ब्रँडी, हळदीचं तेल, छातीला बाम यांतलं काहीही नको. बाममधला कापूर कुत्र्यांना विषारी असतो. ट्रंकेतून काढलेल्या गोधडीला डांबरगोळ्यांचा वास येत असेल तर तीही धुऊन, दोन दिवस उन्हात टाकूनच वापरा. थंडीत आंघोळ घालू नका. घाण झाली असेल तर ओल्या कोमट फडक्याने तेवढीच जागा पुसून लगेच कोरडी करा.

दुपार विसरणं

रात्रीसाठी केलेली व्यवस्था दुपारी तशीच राहते आणि पत्र्याच्या शेडमधलं खोकं तापतं. सकाळी आठ-नऊला दिवा बंद करा, बाटली काढा. कोवळं ऊन दाखवायचं तर दाखवा, पण खोक्याचा अर्धा भाग सावलीत ठेवून, आणि अकराच्या आत उचला.

रस्त्यावरच्या कुत्रीसाठी खोकं ठेवताना

इथे वीज नको, बाटली नको, फक्त कोरडेपणा आणि आडोसा. तोंड इतकंच मोठं ठेवा की आई वाकून आत जाईल. थंडीचं वारं आपल्याकडे बहुतेक उत्तरेकडून, सातपुड्याच्या बाजूने येतं, म्हणून तोंड दक्षिणेला किंवा पूर्वेला करा. पुठ्ठ्यावर प्लास्टिकचा कागद बाहेरून लावा, आतून नाही, आतून लावला तर दव धरतं. वर एक वीट ठेवा म्हणजे खोकं उलटणार नाही. कुत्रीने आधीच एखादी जागा निवडली असेल तर पिल्लं उचलून तुमच्या खोक्यात नेऊ नका, खोकंच तिच्या जागेपाशी सरकवा आणि दुरून बघा. आत गेली नाही तर काड तिच्या जागेवर पसरा. आणि सकाळी गाडी काढण्याआधी एकदा खाली वाकून बघा, गरम इंजिनाखाली येऊन झोपलेली पिल्लं हॉर्नला उठत नाहीत.