पेटंट काढायचंय? मग आधी या चुका टाळा

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे आधी गावभर सांगायचं आणि मग अर्ज करायचा. प्रॉडक्टचा व्हिडिओ टाकतात, प्रदर्शनात मांडतात, आणि चार-सहा महिन्यांनी वकिलाकडे जाऊन म्हणतात आता पेटंट करून द्या. अहो पण पेटंटची पहिली अटच ही की गोष्ट नवीन पाहिजे, अर्जाच्या तारखेआधी जगात कुठेच जाहीर झालेली नको, आणि तुम्ही स्वतः टाकलेला व्हिडिओसुद्धा त्यात धरला जातो! अमेरिकेत स्वतःच जाहीर केलं असेल तर एक वर्षाची सूट मिळते, लोक तेवढंच कुठेतरी वाचून निवांत राहतात, पण युरोपात अशी सूट जवळपास नाहीच. कुणाला दाखवल्याशिवाय भागणारच नसेल तर आधी एनडीएवर, म्हणजे गुप्तता पाळण्याच्या करारावर, सही घ्या.

आणि कल्पना आधी आपल्याला सुचली याचा तारखेचा पुरावा म्हणून स्वतःच्याच पत्त्यावर सीलबंद पाकीट पोस्टाने पाठवून ठेवायचं, हे कृपया विसरा. जो आधी अर्ज करेल त्याचा हक्क असा नियम आता जवळपास सगळीकडे आहे, अमेरिकासुद्धा 2013 मध्ये त्यावर आली.

दुसरा गोंधळ म्हणजे सगळ्यालाच पेटंट म्हणायचं. नाव, लोगो असेल तर ट्रेडमार्क, लेख, फोटो, कोड असेल तर कॉपीराइट (तो बहुतेक देशांत रजिस्टर न करताही आपोआप मिळतो), वस्तू दिसते कशी त्याला डिझाइन. नुसत्या आयडियाला यातलं काहीच मिळत नाही, ती प्रत्यक्षात कशी चालते ते सांगावं लागतं.

आता खरी गोम, क्लेम्स, म्हणजे नेमक्या कशावर हक्क हवा ते सांगणारी अर्जातली वाक्यं. लोक वर्णन पानंच्या पानं लिहितात आणि क्लेम घाईत उरकतात, पण तुमची हद्द ठरते ती क्लेमवरून. समजा तुम्ही एका हाताने उघडणारं बाटलीचं झाकण केलं आणि क्लेममध्ये लिहिलं "स्टीलची स्प्रिंग असलेलं झाकण". उद्या कुणी स्प्रिंगच्या जागी लवचिक प्लास्टिकची पट्टी टाकली की तो निसटण्याची पुरेपूर शक्यता, आणि तुम्ही बसा बोंबलत. म्हणून पहिला क्लेम मोठा ठेवतात, "झाकण परत ढकलणारा लवचिक भाग" असा, आणि स्टील, स्प्रिंग वगैरे खालच्या क्लेम्समध्ये टाकतात. अति मोठा केला तर परीक्षक जुनं काहीतरी शोधून उडवतो, तेव्हा हे खालचेच कामाला येतात. पट्टीचा पर्याय पहिल्याच अर्जात लिहून ठेवा, कारण नंतर त्याच अर्जात नवीन माहिती घुसवता येत नाही.

"बाजारात असं काही नाहीये, मी गुगल केलं" हा सर्च नव्हे. बाजारात कधीच न आलेल्या वस्तूचं पेटंटही तुमचं नवेपण घालवतं. गुगल पेटंट्स, एस्पेसनेट, पेटंटस्कोप या पेटंट शोधायच्या तिन्ही साइट फुकट आहेत, वेगवेगळे शब्द टाकून बघा. तरी ताजे अर्ज साधारण 18 महिने जाहीर होत नाहीत, त्यामुळे सर्च कोरा आला म्हणून नाचू नका.

जागतिक पेटंट अशी चीजच नाही. पहिल्या अर्जापासून 12 महिन्यांत पीसीटी अर्ज (अनेक देशांसाठी मिळून करायचा एकच आंतरराष्ट्रीय अर्ज) केला तर कुठल्या देशांत जायचं ते ठरवायला, त्या पहिल्या अर्जाच्या तारखेपासून धरून, साधारण 30 महिने मिळतात. पुढे प्रत्येक देशात फी वेगळी, आणि पेटंट देणार की नाही हेही त्या त्या देशाचं ऑफिस ठरवतं.

पेटंट मिळालं म्हणजे माल विकायचा परवाना मिळाला असंही नाही हां. ते दुसऱ्याला अडवण्याचा हक्क देतं, बस. तुमची सुधारणा दुसऱ्याच्या चालू पेटंटवर उभी असेल तर तोही तुम्हाला अडवू शकतो, मग लायसन्स घ्या नाहीतर त्याची मुदत संपेपर्यंत थांबा.

अर्जावर आक्षेप आले तर घाबरू नका, बहुतेकांना येतातच, क्लेम थोडा आवळून उत्तर द्यायचं असतं. फक्त उत्तराची तारीख चुकवू नका, चांगले चांगले अर्ज तेवढ्यावरून बाद होतात. मंजूर झाल्यावरही ठरलेल्या वेळी रिन्यूअल फी भरावी लागते, नाही भरली तर 20 वर्षांच्या पूर्ण मुदतीच्या कितीतरी आधी पेटंट संपतं.