बंदीआधी कोळंबी फ्रीझरला लावायची तर

1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद. म्हणून मेअखेरीस मुंबईत भाऊच्या धक्क्यावर जाणार असाल तर पहाटे जा, बर्फाचा डबा न्या. पण आदल्या रात्रीच फ्रीझरचा एक कप्पा पूर्ण रिकामा करा आणि तापमान उणे 18 वर आणून ठेवा. एका दाराच्या फ्रीजमधला बर्फाचा खण एवढा गार होत नाही, त्यात दोन महिन्यांचा साठा नकोच. कप्पा रिकामा हवा तो पिशव्या सपाट, एका थरात ठेवायला. गेल्या वर्षी मी नेमकं हेच केलं नाही. दोन किलो सोललेली कोळंबी एकाच पिशवीत कोंबली. दुसऱ्या दिवशी दुपारीही गोळा मधून मऊच लागत होता. जुलैत काढली तेव्हा ताटलीत वाटीभर गढूळ पाणी, आणि कोळंबी कापसासारखी. आईने एक घास खाऊन ताट सरकवलं.

उणे 1 ते उणे 5 अंशांच्या टप्प्यात मांस रेंगाळलं की बर्फाचे मोठे स्फटिक होतात, पेशी फाटतात आणि बर्फ वितळताना आतला रस चवीसकट वाहून जातो. झटकन गोठलं तर स्फटिक बारीक राहतात. म्हणून सपाट! एका पिशवीत एका जेवणापुरतीच, बोटभर जाडीची, हवा दाबून काढलेली. पहिली रात्र तरी पिशवीवर पिशवी ठेवू नका.

घरी आल्याआल्या डोकी खुडा. डोक्यातल्या पाचक रसांनी मांस पिठूळ होतं, काळे डागही तिथूनच सुरू होतात. पाठीतला काळा धागा काढा, धुवा, फडक्यावर नीट टिपा. मीठ-हळद आता अजिबात नको, मिठाने पाणी सुटतं.

तिसऱ्या (शिंपल्या) जिवंत असतानाच वाफवा, न उघडलेल्या फेकून द्या, मांस त्यांच्याच गाळलेल्या पाण्यात ठेवा, तेही सपाट. चिंबोऱ्या (खेकडे) उकडूनच, कच्च्या ठेवल्या तर मांस कवचाला चिकटतं.

फ्रीझर सारखा उघडू नका. तापमान वरखाली झालं की बारीक स्फटिकही वाढत जातात. पिशवीत हवा राहिली तर पांढरे कोरडे चट्टे पडतात.

काढताना आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. गरम पाणी नाही. परत गोठवणं नाही. पिशवीवर तारीख घाला, आणि दार लावण्याआधी प्रत्येक पिशवीवरून हात फिरवून बघा, सपाट आहे ना.