विस्तारित आवृत्तीचा डबा घेताना आणि घरी लावताना

'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या तीन भागांच्या सिनेमाची विस्तारित आवृत्ती (थिएटरपेक्षा जास्त प्रसंग असलेली) विकत घ्यायची तर डब्याची मागची बाजू आधी वाचा, किंमत नंतर. दुकानदार 'एक्स्टेंडेडच आहे' म्हणतो म्हणून ती तशी असतेच असं नाही. खरं काय ते मिनिटं सांगतात. थिएटरमध्ये आलेले तीन भाग १७८, १७९ आणि २०१ मिनिटांचे, विस्तारित भाग २०८, २२३ आणि २५१ मिनिटांचे. काही ब्लू-रे डब्यांवर २२८, २३५, २६३ असे आकडे दिसतात. त्यात जास्तीचा प्रसंग एकही नाही, शेवटी फॅन क्लबच्या सभासदांची नावं सरकत राहतात तेवढीच वाढ. पाल डीव्हीडीवर (युरोप-भारतातल्या टीव्ही पद्धतीच्या) उलट आकडा थोडा कमी निघतो, कारण तिथे सेकंदाला २४ऐवजी २५ चित्रं पळतात आणि सिनेमा सुमारे ४ टक्के लवकर संपतो. कापाकापी झालेली नसते.

आता कोणता संच? २००२ ते २००४ दरम्यान आलेल्या डीव्हीडीत प्रत्येक भागाच्या चार डिस्क आहेत: दोन सिनेमाच्या, दोन निर्मितीकथेच्या. २०११चा ब्लू-रे संच १५ डिस्कचा, पण त्यातल्या पहिल्या भागावर हिरवट झाक आहे. बर्फाच्या प्रसंगात ती लगेच डोळ्यात भरते. २०२०च्या ४के (ब्लू-रेहून जास्त बारकाव्याचं चित्र देणाऱ्या) संचात ९ डिस्क, दोन्ही आवृत्त्या, रंग नव्याने केलेले, आवाज डॉल्बी अ‍ॅटमॉसमध्ये, म्हणजे चहूबाजूंनी आणि वरूनही येणारा. निर्मितीकथा मात्र नाहीत. आमचं मत सरळ आहे: सिनेमासाठी ४के घ्या, आणि निर्मितीकथांसाठी जुन्या डीव्हीडी सेकंडहँड मिळाल्या तर सोडू नका.

जुना माल घेताना डिस्क उलटी करून उजेडात धरा. कारखान्यात छापलेल्या डीव्हीडीची मागची बाजू चंदेरी दिसते. जांभळट दिसली तर ती घरी बर्न केलेली आहे, घेऊ नका.

बाहेरून मागवताना रिजन कोड, म्हणजे डिस्क कुठल्या देशांच्या प्लेअरवर चालेल ते सांगणारी खूण, पाहा. भारताची डीव्हीडी ५, अमेरिकेची १. ब्लू-रेत भारत सी, अमेरिका ए, ब्रिटन बी. पृथ्वीच्या छोट्या चित्रात आकडा किंवा अक्षर छापलेलं असतं. ४के डिस्कला रिजनची अडचण नाही, पण त्याच डब्यात साधी ब्लू-रे असेल तर तिला असू शकते. कस्टम ड्युटी आणि कुरिअर धरूनच भाव काढा. प्लेअरही परदेशातून आणत असाल तर मागच्या लेबलवर १००–२४० व्होल्ट लिहिलंय का ते बघा. नुसतं १२० असेल तर आपल्या २३० व्होल्टवर तो पहिल्याच दिवशी जळेल. पीएस४ (प्लेस्टेशन ४ हा गेमचा खोका) ४के डिस्क वाचत नाही, प्रो मॉडेलसुद्धा नाही. डिस्क ड्राइव्हवालं पीएस५ वाचतं, पण त्यात डॉल्बी व्हिजन (एचडीआरचा वरचा प्रकार) नाही.

जोडणीत बहुतेकांचं घोडं दोन ठिकाणी अडतं. पहिलं टीव्हीत: केबल १८ जीबीपीएसची 'प्रीमियम हाय स्पीड' असली, तरी त्या एचडीएमआय पोर्टची 'एन्हान्स्ड' सेटिंग सुरू केली नाही तर एचडीआर (उजेड-सावलीतला जास्त फरक दाखवणारं चित्र) येत नाही आणि चित्र साधंच दिसतं. दुसरं आवाजात: प्लेअरमध्ये ऑडिओ 'बिटस्ट्रीम' (आवाज न उलगडता जसाच्या तसा पुढे पाठवणं) ठेवा आणि 'सेकंडरी ऑडिओ' बंद करा, नाहीतर साउंडबारवर अ‍ॅटमॉसचा दिवा लागणारच नाही. टीव्हीमार्गे आवाज नेत असाल तर टीव्ही आणि साउंडबार दोन्हीकडे ईएआरसी (एचडीएमआयमधून टीव्हीचा आवाज साउंडबारला देणारी नवी सोय) हवं. साध्या एआरसीतून डिस्कवरचा पूर्ण दर्जाचा आवाज जात नाही. प्लेअरचं २४ हर्ट्झ आउटपुट सुरू आणि टीव्हीचं मोशन स्मूदिंग (हालचाल गुळगुळीत करणारी सोय) बंद, एवढं केलं की लढाई टीव्ही मालिकेसारखी गुळगुळीत दिसायची थांबते.

नागपूरच्या उन्हाळ्याचं गणित वेगळं. कूलरच्या झोतात प्लेअर ठेवू नका. ओलसर हवेबरोबर धूळही आत जाते आणि लेन्सवर बसते. बंद कपाटातही नको, वर आणि बाजूला चार बोटं जागा सोडा. बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) गाडी उन्हात लावून डबा आत विसरलात तर डिस्क वाकू शकते. लाइन जाण्याची सवय सगळ्यांनाच आहे, पण इन्व्हर्टरच्या मागचं बटण 'यूपीएस' मोडवर आहे का, हे फारसं कुणी बघत नाही. साध्या मोडमध्ये बदलाला जास्त वेळ लागतो, तेवढ्यात प्लेअर बंद पडतो आणि बऱ्याचदा आधीची जागा विसरतो.

मध्येच चित्र गोठलं तर आधी बोटांचे ठसे शोधा. ४केची डिस्क त्या बाबतीत फार नाजूक असते. मायक्रोफायबर कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल नाही. गोल ओरखडा माहितीच्या रेषेबरोबर धावतो आणि प्लेअरला तो भरून काढणं जड जातं. चिकट डाग असेल तर कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब. टूथपेस्टचा जुना उपाय ब्लू-रेवर चुकूनही करू नका, वरचा संरक्षक थरच खरवडला जाईल.

प्रत्येक विस्तारित भाग दोन डिस्कवर विभागलेला आहे, त्यामुळे मध्यंतर आपोआप मिळतं. पहिल्या भागात ते रिव्हेंडेलच्या सभेनंतर, साधारण पावणेदोन तासांनी येतं. तर्री-पोहे त्याच हिशेबाने टाका, आणि दुसरी डिस्क हात धुऊनच उचला.