जुन्या ट्रॅव्हलर कॅम्परसाठी शॉकप निवडायच्या आधी

आमच्या गाडीच्या आरसीवर अजून ‘बजाज टेम्पो’ असं लिहिलेलं आहे. कंपनीचं नाव २००५ मध्ये फोर्स मोटर्स झालं, गाडी त्याच्या जरा आधीची. मुळात प्रवासी ट्रॅव्हलर, मग कोणीतरी आतल्या सीटा काढून दोन पलंग, ओटा आणि पाण्याची टाकी बसवली आणि तिची घरगाडी झाली. अशा गाडीला नवे शॉकअ‍ॅब्सॉर्बर, म्हणजे गॅरेजच्या भाषेत शॉकप, घ्यायचे तर पुण्याच्या नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या काउंटरवर जाऊन “टेम्पो ट्रॅव्हलरचे चार द्या” म्हणून भागत नाही. ही तयारी दसऱ्यानंतर, रस्ते कोरडे झाले की करावी. पावसात खालचा भाग रोज धुऊन निघतो आणि तेल कुठून गळतंय ते कळत नाही.

पहिलं काम वहीतलं. गाडी नक्की काय करते ते नीट लिहून काढा. ब्रेक मारला की नाक खाली घालते? ट्रक शेजारून गेला की झोला खाते? स्पीडब्रेकर उतरल्यावर दोन-तीनदा डोलत राहते? की नुसती खाडकन आदळते? डोलणं थांबत नसेल तर संशय शॉकपवर घ्या. मागून गाडी बसलेली दिसत असेल तर तो दोष पाट्यांचा, म्हणजे एकावर एक रचलेल्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगांचा. गाडीचं वजन पाटे उचलतात. शॉकप फक्त पाट्यांची उसळी आवरतो, त्या हालचालीची उष्णता करून टाकतो. ही एवढी गोष्ट माहीत नसल्यामुळे लोक नवे शॉकप बसवतात आणि गाडी होती तेवढीच वाकडी उभी राहते.

मग वजनकाटा. हे काम टाळू नका, बाकी सगळी निवड यावर उभी आहे. प्रवासाला निघताना असते तशी गाडी भरा: टाकी काठोकाठ, गॅस, भांडी, गाद्या, माणसं. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, आणि इन्व्हर्टरची मोठी ट्यूब्युलर बॅटरी एकटीच ५०-६० किलोची असते. काट्यावर आधी फक्त पुढची चाकं घ्या, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची. काटेवाल्याला आधी सांगून ठेवा, नाहीतर तो एकच पावती फाडून मोकळा होतो. मिळालेला आकडा आरसीवरच्या एकूण वजनाशी ताडून पाहा. जास्त भरला तर आधी सामान उतरवा. कडक शॉकप घातल्याने आरसीवरचं वजन वाढत नाही, ब्रेकही मोठे होत नाहीत. घरी आल्यावर सपाट फरशीवर गाडी उभी करून चारही कोपऱ्यांत चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंतची उंची मोजा. आमच्या गाडीत ओटा आणि टाकी दोन्ही डावीकडे, त्यामुळे डावी बाजू मागून दोन सेंटीमीटर खाली होती. बॅटरी उजवीकडे हलवल्यावर निम्मा फरक गेला आणि खर्च झाला फक्त वायरचा.

आता खाली शिरा. आधी टायर: हवा बरोबर आहे का, आणि बाजूवर छापलेल्या चार आकड्यांवरून (पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष) वय किती. तळव्यावर ठराविक अंतराने खड्डे पडल्यासारखी झीज दिसली तर ती बहुधा नीट न आवरलेल्या चाकाची खूण असते. पाट्यांमध्ये तडा गेलेलं पान (एकेक पट्टी), पानं एकत्र धरणारा सेंटर बोल्ट सरकलेला, पाटे अ‍ॅक्सलला बांधणारा यू-बोल्ट ढिला, पाट्याचं टोक चॅसीला जोडणाऱ्या शॅकलचे बुश (आतले गोल अस्तर) खाल्लेले, हे पाहून घ्या. यातलं काहीही निघालं तर आधी ते करा. शॉकपवर तेलाची धुळकट ओल असेल तर घाबरायचं कारण नाही. खालपर्यंत ओघळ आला असेल, आत-बाहेर सरकणाऱ्या दांड्यावर गंजाचे खड्डे असतील किंवा डोळ्यातला (टोकाच्या कडीतला) रबर फाटला असेल तर तो गेला.

वरून दाबून सोडायची चाचणी हलक्या कारला ठीक आहे. तीन टनांची गाडी हाताने दबत नाही. त्यापेक्षा खराब रस्त्यावर अर्धा तास चालवून थांबा आणि चारही शॉकपना हात जपून लावा, कारण चांगले तापलेले असू शकतात. तिघे गरम आणि एक गार असेल तर तो गार काहीच काम करत नाही. कोविडात घेतलेली, कपाळावर धरून ताप मोजायची बंदूक यासाठी वापरून पाहू नका. बहुतेक बंदुका माणसाच्या तापापुरतंच वाचतात.

मापं हा सगळ्यात किचकट भाग. ट्रॅव्हलर मुळात मर्सिडीजच्या टी-१ व्हॅनच्या घराण्यातली, पण इथे तिच्या लांब-आखूड चॅसी, शाळेची बस, रुग्णवाहिका, मालवाहू असे बरेच अवतार निघाले. म्हणून आधी चॅसी नंबरवरून पार्ट नंबर काढून घ्या. तरीही टेप घेऊन खाली जाच, कारण वीस वर्षांत कोणी काय बसवलंय याचा भरवसा नसतो. जॅकवर एकट्या भरवसा ठेवून खाली शिरू नये. चॅसीखाली घोडी (लोखंडी स्टँड) लावा, उरलेल्या चाकांना ठोकळे द्या. वरचं आणि खालचं टोक डोळ्याचं आहे की पिनचं, बुशचं आतलं भोक किती, नळीची जाडी किती, आणि शेजारून ब्रेकचा पाइप किंवा सायलेन्सर जातो का, हे लिहून घ्या. मग भरलेली गाडी चाकांवर उभी असताना दोन्ही टोकांच्या मध्यांमधलं अंतर घ्या.

समजा नवा शॉकप पूर्ण बंद ३४ सेंटीमीटर आणि पूर्ण उघडा ५४ आहे. भरलेल्या गाडीत तो ४४ च्या आसपास बसला पाहिजे, म्हणजे वर-खाली दोन्हीकडे जागा राहते. आता अ‍ॅक्सल आणि वरचा रबरी ठोकळा, म्हणजे बंप स्टॉप, यांच्यातलं अंतर मोजा. ते ८ सेंटीमीटर असेल तर अ‍ॅक्सल ठोकळ्याला टेकते तेव्हा उभा शॉकप ३६ वर येतो. दोन सेंटीमीटर हातात उरतात. उरत नसतील तर प्रत्येक मोठ्या खड्ड्यात शॉकपच ठोकळ्याचं काम करील आणि वरचा ब्रॅकेट उपटेल. उलट शॉकप आखूड पडला तर चाक लटकल्यावर अ‍ॅक्सलचा भार त्याच्या दांड्यावर येतो. तिरक्या बसवलेल्या शॉकपचा प्रवास अ‍ॅक्सलच्या प्रवासापेक्षा कमी असतो, तेवढी सूट धरा.

प्रकाराबद्दल माझं मत सरळ आहे. साधा दुहेरी नळीचा तेलाचा शॉकप स्वस्त, पण लांब खराब रस्त्यावर तेलात हवा मिसळून फेस होतो आणि तो मऊ पडतो. ताम्हिणी घाट उतरताना हे नको वाटतं. त्याच रचनेत कमी दाबाचा नायट्रोजन भरलेला घेतला तर फेस बराच आटोक्यात राहतो, आणि आमच्यासारख्या गाडीला तो पुरे. जास्त दाबाचा एकेरी नळीचा शॉकप उष्णता लवकर सोडतो, काम चोख करतो, पण नळीला दगड लागून पोचा आला की आतला पिस्टन अडकतो. कच्च्या वाटांवर हे लक्षात ठेवा. जुन्या ट्रॅव्हलरला पुढे-मागे पाटेच असतात. त्यांची पानं एकमेकांवर घासतात आणि थोडी उसळी स्वतःच आवरतात. नंतर कोणी पॅराबोलिक पाटे (मोजक्या, टोकाकडे बारीक होत जाणाऱ्या पानांचे) बसवले असतील तर हे घर्षण कमी झालेलं असतं आणि शॉकपवर जास्त काम येतं. दुकानदाराला हे सांगा.

“हार्डवाला द्या” मात्र म्हणू नका. फार कडक शॉकप प्रत्येक गचका वर पाठवतो. मग कपाटांचे स्क्रू ढिले होतात, काचेचा रबर किरकिरतो, गाडीतलं घर खिळखिळं होतं. हवेचे शॉकप लावून मागचा भाग उचलायची युक्तीही टाळा. त्यांच्या ब्रॅकेटना वजन तोलायची सवय नसते. गाडी बसली असेल तर पाटेवाल्याकडे जा.

खरेदी जोडीनेच करा, निदान एका अ‍ॅक्सलचे दोन्ही. रंग मारून चकचकीत केलेले जुने शॉकप बाजारात फिरतात, म्हणून दांडा बाहेर ओढून पाहा, आणि खोक्यावरचा पार्ट नंबर नळीवरच्या नंबराशी जुळवा. गॅब्रिएलसारखी इथलीच, १९६१ पासूनची नावं आहेत. पण नाव मोठं असलं तरी पावती घ्या. सोबत नवे बुश, वायसर आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, आपोआप ढिले न होणारे) घ्या, जुने वापरायला काढू नका.

बसवायच्या आदल्या रात्री जुन्या नटांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. आडवा पडून राहिलेला दुहेरी नळीचा शॉकप उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण खाली-वर करा, म्हणजे आतली हवा वर जाते. पट्टी बांधलेला गॅसचा असेल तर पट्टी बसवल्यावरच कापा. मिस्त्री दांडा पकडीने धरत असेल तर तिथेच थांबवा, त्या एका ओरखड्याने सील जातं. बुशचे नट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उतरवून, नाहीतर रबर कायमचा पिळलेला राहतो.

मग तोच जुना रस्ता, तेच स्पीडब्रेकर, तीच वही. शंभर किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा आवळा, आणि कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करने तारीख, किलोमीटर, पार्ट नंबर आणि काट्यावरचे तिन्ही आकडे लिहून टाका.