मानेतली गाठ घरच्या घरी कशी सोडवायची

मान दुखली की आपण जिथे दुखतंय तिथेच चोळत बसतो आणि नेमकं तिथेच चुकतं. ट्रिगर पॉइंट म्हणजे स्नायूच्या ताठ झालेल्या दोरीतली छोटी गाठ, ती असते एकीकडे आणि कळ जाते भलतीकडे. मान आणि खांद्याच्या मधला जाड स्नायू असतो ना, ट्रॅपेझियस, त्यात गाठ असली की कळ मानेच्या बाजूने चढत कानामागून कानशिलापर्यंत जाते, आणि माणूस डोकेदुखीच्या गोळ्या खात राहतो.

आधी १० मिनिटं गरम पाण्याच्या पिशवीने शेका. मग ज्याची मान दुखतेय त्याला खुर्चीत बसवा, मांडीवर उशी ठेवून हात तिच्यावर टेकवायला सांगा, कारण हात लोंबकळत राहिला तर हा स्नायू सैल पडतच नाही. आता खांद्यावरचा तो मांसल काठ चिमटीत धरा, अंगठा मागे आणि बोटं पुढे, आणि हळूहळू बोटांमध्ये फिरवून बघा. मध्येच एक ताठ दोरी लागेल, तिच्यावर दाबत दाबत गेलात की एका जागी समोरचा स्वतःच म्हणेल, हां हीच ती, इथूनच डोक्यात जातंय.

सापडली की चोळायचं नाही, नुसतं दाबून थांबायचं. दुखणं १० पैकी ५-६ च्या वर जाऊ द्यायचं नाही, श्वास रोखला गेला किंवा खांदा वर उचलला गेला तर दाब जास्त झालाय असं समजा. ३० ते ६० सेकंदांत बोटाखाली गाठ लोण्यासारखी नाही, पण थोडी ढिली लागते, मग अजून किंचित दाबायचं. एका जागी २-३ वेळा, बस. माझा खांदा एकदा एकाने इतका जोर लावून रगडला होता की दुसऱ्या दिवशी काळानिळा पडला आणि मान आधीपेक्षा जास्त आखडली, म्हणून हे कळकळीने सांगतेय.

लगेच स्ट्रेचिंग करा, नाहीतर गाठ परत धरते. उजवीकडे दुखत असेल तर डावा कान डाव्या खांद्याकडे न्या, २०-३० सेकंद थांबा, असं ३ वेळा. मान वळतच नसेल तर मात्र गाठ बहुतेक लेव्हेटर स्कॅप्युलीत, म्हणजे मानेपासून फऱ्यापर्यंत जाणाऱ्या स्नायूत असते, पाठीच्या फऱ्याच्या वरच्या आतल्या कोपऱ्यापाशी चाचपा, तिथे अंगठ्याने तसंच दाबा आणि स्ट्रेच करताना दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध काखेकडे बघायला सांगा. एक-दोन दिवस जरा ठणकेल, ते चालतं.

मानेच्या पुढच्या बाजूला, जिथे नाडी लागते तिथे अजिबात दाबू नका, आणि मान झटका देऊन कडकन मोडायची तर नाहीच नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. हाताला मुंग्या येत असतील, पकड ढिली पडली असेल, पडल्यावर किंवा अपघातानंतर दुखायला लागलं असेल, तापासोबत मान ताठ झाली असेल किंवा चक्कर येऊन बोलणं अडखळत असेल तर हात लावू नका, थेट डॉक्टरकडे न्या.